लंगडी घालणारं हृदय

"निळ्या छत्रीच्या बाईंनी कृपया धावू नये. गाडी तुमच्यासाठी थांबलेली आहे."

बस स्थानकाच्या भोंग्यातून हे ऐकू आलं, तेव्हा मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन डबक्यांतून पळत होते. सगळा फलाट वळून माझ्याकडे बघायला लागला. मान वर केली तर घोषणांच्या काचेच्या खोलीत एकजण माइकवर हनुवटी टेकून चक्क हसत होता! असा राग आला म्हणून सांगू... गाडीत बसेपर्यंत टिकला. मग मलाही हसू फुटलं.

पुढच्या रविवारी मी वेळेवर गेले, आणि मुद्दाम काचेसमोरून गेले.

"आज धावला नाहीत," काचेच्या गोल भोकातून तो म्हणाला.

"तुमची परवानगी कुठे आहे?"

"मला स्वतःलाच धावायची परवानगी नाही, मी दुसऱ्यांना काय देणार!" मला वाटलं, थट्टा करतोय. "पण रविवारी कुठे निघता हो? सगळं जग झोपा काढतंय."

"बाळांना जेवू घालायला."

त्याचा चेहरा असा काही पडला, की मला दया आली. "बाळं म्हणजे पेशी," मी म्हटलं. "काचेच्या ताटलीत वाढतात. त्यांना रविवार कळत नाही."

"हुश्श..." तो म्हणाला, आणि मग कान लाल करून माइककडे वळला. त्या गडबडीत त्याने भलत्याच गावाची गाडी भलत्याच फलाटावर लावली. लोकांनी बोचकी उचलून पळापळ केली, आणि आमची ओळख पक्की झाली.

माझं काम त्याला फार आवडायचं. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत आमची प्रयोगशाळा. कुणाच्या तरी हाताच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशींना आपण कातडी आहोत हे विसरायला लावायचं, की त्यांच्या मूळपेशी होतात. मूळपेशी म्हणजे पुढे काहीही होऊ शकेल असं बाळ. मग त्यांना हृदय व्हायला शिकवायचं. आणि एके दिवशी त्या ताटलीत आपल्या आपण धडधडायला लागतात...

"खरंच धडधडतात?"

"आवाज येत नाही. पण सूक्ष्मदर्शकातून दिसतं."

दात्याचं नाव आम्हाला सांगत नाहीत, नियमच आहे तसा. ताटल्यांवर नुसते आकडे. पण आकड्यांवर जीव कसा जडणार? म्हणून आम्ही टोपणनावं ठेवतो. एक गोगलगाय होती, एक रडूबाई. आणि माझा सगळ्यांत लाडका तो लंगड्या. दोन ठोके नीट, मग थांबायचा, मग घाईघाईने एक छोटा ठोका. लंगडी घालणाऱ्या पोराने मध्येच तोल सावरावा, तसा.

"लंगड्या जेवला का?" तो दर रविवारी काचेतून विचारायचा.

"तुम्हाला फारच काळजी त्याची!"

"माझ्या स्पर्धेत तोच तर आहे."

त्या दिवशी माझी गाडी मी सोडली, आणि पुढचीही. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

आधी तो चालक होता. एकदा गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने बस रस्त्याच्या कडेला नीट उभी केली, दार उघडलं आणि मगच कोसळला. डॉक्टरांनी आधी गाडी सोडायला लावली, मग धावणं, मग जिने. "हृदय जरा नाठाळ आहे माझं," एवढंच म्हणायचा आणि विषय बदलायचा. मीही खोदून विचारलं नाही. सुखात असताना कोण खोदत बसतं!

एका संध्याकाळी पाऊस धरून पडत होता. मी काचेला टेकून उभी होते, आणि माझ्याही नकळत बोटांनी काचेवर लंगड्याचा ताल वाजवत होते. टक टक... टक. आत तो घोषणा करत होता, ती अर्धवट राहिली.

"हा ताल तुला कुठे मिळाला?"

"अरे, हाच तर लंगड्या! रोज बघून बघून बोटांत बसलाय."

त्याने बाही सारली आणि हात भोकातून बाहेर काढला. मी मनगटावर बोटं ठेवली. दोन ठोके... थांबला... आणि घाईघाईने एक छोटा.

कोपराच्या आतल्या बाजूला मसुराएवढा पांढरा वण होता.

"म्हणजे माझं हृदय तू आधीच बघितलंयस," तो हळूच म्हणाला. "आणि मी येडा इतके दिवस ते तुला द्यायला मुहूर्त शोधतोय!"

हे ऐकायला मी किती रविवार झुरले होते. पण मला हसता येईना. लंगड्याला काय झालंय आणि तशी हृदयं किती पुढे जातात, हे मला पाठ होतं. मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला... बाहेर लोक आपापली गाडी कोणती म्हणून ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगून टाकलं. आमच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. दाता ओळखीचा निघाला की त्याच्या पेशींना हात लावायचा नाही, नाहीतर आपल्याला हवं तेच आपल्या डोळ्यांना दिसायला लागतं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "लंगड्या आता माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. त्याच्या काही पेशींमधली वारशाने आलेली चूक आम्ही काढून टाकली. त्या सरळ चालायला लागल्यात."

मी हे त्याच्या घरी सांगायला नको होतं का? पण आनंद लपवणं मला कधी जमलंच नाही. त्याची आई मटार सोलत होती. हात तसाच शेंगेत राहिला.

"म्हणजे औषध सापडलं?"

"औषध नाही हो काकू. अजून नुसतं ताटलीत—"

"ताटली तुमच्याकडेच आहे ना? मग दे की त्याला!"

मी समजावून बघितलं. नव्या पेशी आत गेल्या आणि आपल्याच तालात चालू लागल्या तर जुनं हृदय जागच्या जागी बंद पडेल. नाहीतर त्यांच्या गाठी होतील. आधी प्राण्यांवर बघायचं, मग समिती, मग थोडी माणसं... वर्षं लागतील.

"त्याच्याकडे वर्षं आहेत?" काकूंनी विचारलं. "मरायचंच असेल तर काहीतरी करून मरू दे. तुझा जीव आहे ना त्याच्यावर?"

होता. म्हणून तर मला उठून जाता येईना आणि बसवेनाही. खरं सांगते, त्या क्षणी मनात मी ताटली उचललीसुद्धा होती.

"आई, पुरे," तो दारातून म्हणाला. त्याच्या कडेवर बहिणीची छोटी पोर, चिमणी, होती, त्याच्या मनगटाशी खेळत. "हिचंही माझ्यासारखंच आहे ना? उद्या मी यांच्या सुईने गेलो, तर त्या प्रयोगशाळेला कुलूप लागेल. मग हिच्यासाठी कोण काम करणार? माझी गाडी चुकली तर चुकली. हिची सुटता कामा नये."

काकू मटाराच्या टरफलांत तोंड लपवून रडल्या. मला त्यांच्याजवळ जायचं धाडस झालं नाही, आणि पुढे किती तरी महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्याने एकच हट्ट केला — एकदा बघायचंय. मॅडमनी परवानगी दिली. पांढरा डगला घालून तो सूक्ष्मदर्शकावर वाकला. सरळ चालणारी ताटली होती ती. तो कितीतरी वेळ वर बघेचना.

"बघ की," शेवटी म्हणाला, "बरा झालो मी." आणि मग माझ्याकडे वळून, "हे नीट चालतं ते तुझं. ते लंगडं माझ्याकडे राहू दे. चालेल?"

"मला तेच हवंय," मी म्हटलं. "लंगडंच."

मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, ते त्यांनी पाहिलंच नाही असं त्या आजही सांगतात.

पाऊस संपला, थंडी आली. एका सकाळी मी स्थानकावर पोचले, आणि भोंग्यातून दुसराच आवाज आला. अगदी स्पष्ट, एकही चूक न करणारा. मी फलाटावर तशीच उभी राहिले. मला कुणी काही सांगायची गरजच पडली नाही.

नंतर एका रविवारी काकू प्रयोगशाळेत आल्या. त्याच्या पेशी ठेवायच्या की नष्ट करायच्या, हे आता त्यांनी ठरवायचं होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मॅडमनी त्यांना हळूच खुर्चीवर बसवलं आणि सरळ चालणारी ताटली दाखवली. काकूंनी डोळा लावला, आणि लगेच मान हलवली.

"हा माझा नाही."

"त्याच्याच आहेत हो, फक्त—"

"असेल. पण पोटात होता तेव्हापासून ओळखते मी त्याला. माझा थांबून चालतो. तो दाखवा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मनगटाला हात लावला त्या संध्याकाळपासून मी लंगड्याला बघितलं नव्हतं. मॅडमनीच उबेच्या कपाटातून ताटली काढली आणि ठेवली. काकू वाकल्या. थोड्या वेळाने त्यांचं बोट टेबलावर वाजायला लागलं. टक टक... टक.

तशाच वाकून त्या म्हणाल्या, "राहू दे. चिमणीसाठी राहू दे." मग डोळे पुसत खुर्चीत जराशा सरकल्या आणि माझ्याकडे न बघताच शेजारची जागा थोपटली. "ये. तूही बघ."

मी बसले. तो तिथेच होता. थांबत होता, सावरत होता, चालत होता.

"याला जेवू कोण घालतं?" काकूंनी विचारलं. "आज रविवार आहे."

"आम्ही रविवारीसुद्धा घालतो, काकू," मी म्हटलं. "रोज."