तिसरं नाव

वाळूजच्या त्या शेडमधली पत्रा दाबायची प्रेस कधीकधी बटण न दाबताच खाली यायची. तिचा प्रोग्राम कमरोद्दीनभाईंनी लिहिलेला. भाई वारले, त्यांच्याकडची मूळ प्रत हरवली. मशीनमध्ये उरला होता तो कंपाईल झालेला प्रोग्राम, म्हणजे दळून झालेलं पीठ. त्यातून दाणे ओळखायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी त्याच प्रेसवर फकिरा नावाचा कामगार बसणार होता, आणि त्याचे हात माझ्या भरवशावर होते.

कंपाईल होताना प्रोग्रामरनं दिलेली नावं पुसली जातात, मागे नुसते आकडे राहतात. कुठला आकडा कशासाठी वापरलाय ते पाहून माझं सॉफ्टवेअर नावं सुचवतं. ‘दाब’, ‘दार’, ‘तापमान’ ही अगदी बरोबर निघाली. प्रेस आपोआप खाली आणणाऱ्या तुकड्यात मात्र तीन आकडे होते. पहिल्याला नाव मिळालं ते चक्क माणसाचं, ‘सांडू’. मला हसू आलं. जेवणाच्या सुट्टीत मी फकिराला सांगितलं.

त्याचा घास हातातच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं, साहेब? सांडूचा पंजा हिनंच नेला. भाई गेल्यावर."

"आणि कडूबा?" दुसरं नाव ते होतं.

"त्याचा बी. औंदा संक्रांतीला."

भाईंनंतर त्या प्रोग्रामला कुणी हात लावलेला नव्हता. मी पुन्हा तपासलं. मला भीती वाटली, आणि वाटली म्हणून स्वतःचा रागही आला.

तिसरं नाव ‘अख्तरी’ निघालं.

"त्या नावाचं हितं कुणी नाय," फकिरा म्हणाला. "बाईमाणूसच नाय शेडमध्ये. पण मी बसत नसतो आता तिच्यावर."

मला हायसं वाटलं. दोन योगायोग आणि एक चूक, असा हिशेब मी मनाशी लावला. तो तुकडाच काढून टाकला, दिवसभर प्रेस रिकामी चालवली. ती मुकाट चालली. शेडचे मालक बद्रीनाथशेठ, त्यांना मी सांगितलं, खुशाल सुरू करा.

सोमवारी गेलो तर प्रेससमोर एक बाई उभी होती.

"फकिरानं नाय म्हटलं," शेठ म्हणाले. "ठेकेदाराकडून ही आणली."

दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून प्रेसला एकदम दाबायची दोन बटणं असतात. काम भरभर व्हावं म्हणून इथं सगळेच एक बटण रबरी पट्टीनं कायमचं दाबून बांधून ठेवतात. तिनंही बांधलं होतं.

मी नाव विचारलं.

तिनं वर न बघता सांगितलं, आणि पत्रा सरळ करायला हात आत घातला.

मी मेन स्विच बंद करायला धावलो.

तो बंदच होता. अजून कुणी चालूच केला नव्हता.

माझ्या पाठीमागं प्रेस खाली आली.