बेसच्या डब्यातला घास

लाइट गेलीच आहे, तर कंदील जरा पुढे ओढा. ही गोष्ट जेवणाआधी सांगण्यासारखी नाही, आणि जेवणानंतर तर मुळीच नाही. माझ्या बायकोनं, अमीनाबीनं, ती घरात काढायला बंदी केली आहे. पण तुम्ही विचारलंत, की शफीकभाई, बेसचे डबे उघडायचं काम तुम्ही का सोडलं? तर ऐका.

शेलूबाजारला हायवेवर माझं दुकान आहे, गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवण्याचं. नवीन बसवण्यापेक्षा दुसऱ्यांनी करून ठेवलेली घाण निस्तरण्यातच माझा दिवस जातो. पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघतात, अर्ध्या हळकुंडानं पिवळी होतात आणि ॲम्प्लिफायर स्वतःच जोडून बसतात. मग आवाज फाटतो, गाडी रेस केली की स्पीकरातून शिट्टी निघते, आणि हे शहाणे म्हणतात की स्पीकरच भंगार निघाला. नाचता येईना अंगण वाकडं. त्यातही मला सगळ्यात चीड येते ती दातानं वायर सोलण्याची. वायर तोंडात घालायची, दाताखाली दाबून झटका द्यायचा, वरचं प्लास्टिक थुंकायचं आणि ती ओली तार तशीच बोल्टाला पिळायची. थुंकीनं तांबं हिरवं पडतं. आमच्याकडे झाडून सगळे असंच करतात, चांगले मिस्त्रीसुद्धा. मला बघूनच मळमळतं. लोक मला नखरेल म्हणतात, म्हणू देत.

सोयाबीन निघाल्यानंतरचे दिवस होते. जऊळक्याचा संघदीप दुकानात आला. स्टेशनवरून आसपासच्या खेड्यांत त्याची जीप सवाऱ्या न्यायची. टेपचा आवाज खराब येतो, घरी येऊन बघा, म्हणाला. मी म्हटलं, गाडी इथंच घेऊन ये की. तर तो खाली बघत म्हणाला, गाडी आणता येत नाही, तिच्यात माय बसली आहे.

मग हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. त्याचा मोठा भाऊ विश्वदीप पावसाळ्याआधी वारला. त्याला खर्ऱ्याची सवय होती. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेला तो लगदा सकाळपासून गालात असायचा. तोंड आतून आखडत गेलं. शेवटी दातांच्या फटीतून चमचासुद्धा जाईना. पाणी, दूध, सगळं नाकातल्या नळीनं. जेवणाचा शौकीन माणूस, भुकेला गेला. आजारी पडायच्या जरा आधी त्यानं हौसेनं जीपमध्ये ॲम्प्लिफायर आणि बेसचा डबा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरची लाकडी पेटी, बसवला होता, सगळं स्वतःच्या हातानं. तो गेल्यावर स्पीकरातून काहीबाही खरखर यायला लागली, आणि भागिरथाबाई, म्हणजे त्यांची माय, म्हणाली की हा माझा विश्वदीप आहे. तेव्हापासून ती मागच्या सीटवर जाऊन बसली ती उतरायला तयार नाही. स्वतः धड जेवत नाही. त्याचं झालं की जेवते, म्हणते.

"भाऊ, तो खरखर आवाज तेवढा मिटवा," संघदीप म्हणाला. "आवाज गेला तं माय उतरन. नाई तं माय तिथंच मरते."

मला कामाचा कंटाळा आला होता, पण यावर नाही कसं म्हणणार? पिशवी घेतली आणि त्याच्या मागे मोटरसायकलवर बसलो.

जीप घरासमोर लिंबाखाली उभी होती. दुपार टळली होती, शेजारी सोयाबीनच्या भुशाचा, कुटाराचा ढीग होता आणि माश्यांचा नुसता सुळसुळाट. दहा पावलांवरून वास आला. शिळं वरण, नासलेलं दूध, आणि त्याखाली तो खर्ऱ्याचा गोडसर, चुन्याचा वास. मी रुमाल नाकाला लावला. मागच्या सीटवर भागिरथाबाई बसली होती. बाईचं पार चिपाड झालं होतं. गालांची हाडं वर आलेली, लुगड्यात माणूस आहे की नाही असं वाटावं. एक हात तिनं शेजारच्या बेसच्या डब्यावर ठेवला होता, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा.

बेसच्या डब्याला हवा खेळायला एक गोल भोक असतं, मनगट आत जाईल एवढं. त्या भोकाची कड तेलकट होती. तिथं भाताची शितं चिकटलेली, चटणीचे ओघळ, दुधाचा वाळलेला पापुद्रा. मी संघदीपकडे बघितलं. त्यानं मान फिरवली. त्याची बायको नीलिमा दारात उभी होती, तिनं हलक्या आवाजात सांगितलं की सासूबाई दोन्ही वेळचं ताट गाडीत मागवतात आणि ताट रिकामं परत येतं. ते कुठं जातं हे तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं.

म्हणजे इतके महिने ही बाई स्पीकरच्या डब्यात जेवण कोंबत होती. आत काय माजलं असेल या विचारानंच मला शिसारी आली. मग लक्षात आलं की माश्या सगळीकडे आहेत, बाईच्या पदरावर, माझ्या हातावर, सीटवर, पण त्या भोकावर एकही नाही.

मी हातमोजे चढवले आणि पुढची सीट उचलली. खाली जे होतं त्याला वायरिंग म्हणणं म्हणजे या धंद्याचा अपमान. सगळी वायर दातानं सोललेली, प्रत्येक सांध्यावर दातांचे वळ, जोडांना चिकटपट्टीऐवजी खर्ऱ्याची पन्नी गुंडाळलेली. अर्थिंगची काळी वायर सीटच्या रंगवलेल्या बोल्टाला पिळलेली. रंगावरून अर्थिंग मिळत नाही हे विश्वदीपच्या गावीही नव्हतं. त्या बोल्टाभोवती तपकिरी लगदा सुकलेला होता. ॲम्प्लिफायर चालू करणारी बारीक वायर त्यानं थेट बॅटरीलाच जोडली होती, म्हणजे गाडी बंद असो की चालू, हा प्राणी झोपायचाच नाही. अशी जोडणी बॅटरी दोन-तीन दिवसांत खलास करते. जीप तर कित्येक महिने जागची हललेली नव्हती. मी मीटर लावून बघितलं. बॅटरी भरलेली होती.

संघदीपला गाडी चालू करायला सांगितलं. शिट्टी, घरघर, फसफस, सगळं एकदम आलं. भागिरथाबाई हसली.

कामाची माझी एक रीत आहे, एका वेळी एकच दोष काढायचा आणि ऐकायचं. आधी तो लगदा खरवडला, रंग घासून लोखंड उघडं केलं, अर्थिंगची वायर घट्ट आवळली. शिट्टी गेली. टेपकडून येणारी वायर बॅटरीच्या जाड वायरला बिलगून आणली होती, ती गाडीच्या दुसऱ्या बाजूनं फिरवली. घरघर गेली. आवाजाचा स्क्रू त्यानं शेवटपर्यंत पिळून ठेवला होता, तो मागे घेतला. फसफस गेली. एवढं झालं की गाडी शांत व्हायला पाहिजे. मी संघदीपला इंजिन बंद करायला लावलं.

आणि त्या शांततेत खाली उरलेला आवाज ऐकू आला. चपचप… चपचप… मध्येच घोट. मग पुन्हा चपचप. गच्च बंद तोंडात, दात न उघडता कुणी काहीतरी घोळवत होतं.

मी टेपची वायर ॲम्प्लिफायरमधून उपटून काढली. आता त्याला आवाज पुरवणारं काहीच नव्हतं. चपचप चालूच राहिली, उलट आधीपेक्षा साफ. इतके दिवस माझा समज होता की दोष काढला की घाण कमी होते. इथं मी जो जो दोष काढला, तो तो ही घाण उघडी पडत गेली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं, आणि मी गाडीच्या बाहेर जाऊन थुंकलो.

परत आलो तर भागिरथाबाईनं माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता.

"बापा, तो बोलते… पन समजत नाई. इकडून येते, तिकडून येते. मधात येतच नाई."

आता हे दुखणं मला तोंडपाठ आहे. दोनपैकी एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली की दोघं एकमेकांचा आवाज खातात आणि मधोमध येणारं माणसाचं बोलणं नाहीसं होतं. मी डाव्या स्पीकरचं झाकण काढून बघितलं, वायर उलटी होती. तेव्हा थांबायला पाहिजे होतं. संघदीपनं आवाज मिटवायला बोलावलं होतं, खुलवायला नाही. पण हाताला खोड असते. उलटी वायर दिसली आणि मी ती सुलटी करून मोकळा झालो.

चपचप थांबली. दोन्ही स्पीकरांच्या मध्ये, जिथं काहीच नव्हतं, बरोबर भागिरथाबाईच्या तोंडासमोर, दात आवळून कुणी म्हणालं,

"माय… आनखी…"

संघदीपनं डब्याकडे झटकन वळून बघितलं. आवाज त्याच्या भावाचा होता हे मला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. भागिरथाबाईचे डोळे भरून आले होते. मी बॅटरीकडे धावलो आणि फ्यूज उपटला. वीज तोडल्यावर ॲम्प्लिफायर क्षणभर जिवंत राहतो, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. मी फ्यूज मुठीत धरून उभा राहिलो. तो क्षण गेला, आणखी गेले.

"आनखी… आनखी…"

मग मी अंगातलं सगळं बळ एकवटून स्पीकरच्या वायरी तोडल्या. तेव्हा कुठं आवाज बंद झाला.

संघदीप म्हणाला, डबा काढून टाका, आत्ताच्या आत्ता. मला वाटलं बाई आकांत करील. पण तिनं डब्यावरचा हात आपण होऊन उचलला. आम्ही तो डबा ओढून कुटाराच्या ढिगापाशी नेला. संघदीप तो जाळायला निघाला, तर आधी स्पीकर काढून घ्या, म्हणजे धूर विषारी होणार नाही, असं मीच सुचवलं. धंद्याची अक्कल अशा वेळीही सुटत नाही. रुमाल दोन वेळा गुंडाळून नाकावर बांधला, स्क्रू काढले, आणि डोळे अर्धे मिटून स्पीकर वर उचलला. अळ्या असतील, कुजकं अन्न असेल, उंदीर मेलेला असेल, सगळ्याची तयारी होती.

आत काहीच नव्हतं. एक शीत नाही, तेलाचा डाग नाही. लाकूड चाटूनपुसून स्वच्छ केलेलं, आणि ओलं. मी हातमोजा घातलेलं बोट लावलं तर ते चिकट ओलं होतं, आणि कोमट.

तेव्हा मात्र मी तिथंच ओकलो. नीलिमानं पाणी आणून दिलं, ते माझ्यानं पिववलं नाही. नुसती चूळ भरली.

डबा पेटला. भागिरथाबाई जीपमधून उतरली, कुणाचा आधार न घेता. दारापाशी थांबून तिनं मागे बघितलं आणि कुणाला तरी बाजूनं आत जायला वाट द्यावी तशी अंग चोरून उभी राहिली. मग आत गेली आणि जेवायला बसली. संघदीप पोरासारखा रडला. माझे हात धरून म्हणाला, भाऊ, तुमी माय वाचवली. घरी येऊन मी हात इतके घासले की अमीनाबीनं साबण काढून ठेवला.

पुढं त्याचे फोन यायचे. माय घरातच असते, जीपकडे ढुंकून बघत नाही, दोन्ही वेळ जेवते, मागून जेवते. आवाज आनंदी असायचा. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग फोन कमी झाले. मागच्या आठवड्यात पुन्हा आला. मी विचारलं, माय कशी आहे?

"जेवते, भाऊ. आमी दोघं खात नाई तेवढं एकटी खाते. आन् वाळून चालली… हाडंच राह्यली आता. वाशीमले डॉक्टरले दाखवलं. घरून पोटभर खाऊन गेली होती. डॉक्टर म्हने, उपाशी आनली काय? पोट कोरं हाये."

मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखव, अकोल्याला ने. तो हो म्हणाला, पण फोन ठेवेना. पलीकडे भांड्याचा आवाज आला, कुणी ताट पुढे ओढल्यासारखा. मग तो अगदी हळू बोलला, तोंडावर हात धरून बोलावं तसा.

"काल ते निजली होती तवा मी तिच्या पोटाले कान लावला, शफीकभाऊ… आता त्याचा आवाज लय साफ येते."