जीपखालचे लाल थेंब

"उद्या दहा वाजता बैठक आहे. नानांचं लायसन रद्द करा, असं पत्र लिहून राह्यलेत," अर्शिया म्हणाली, "आणि तू मला सीताफळं पाडायला बोलावतेस?"

मीनाने हातातली काठी खाली ठेवली.

दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी ते घडलं होतं. शाळेची मुलं ने-आण करणारी जीप सुट्टीत जालन्याची भाडी मारायची. टेंभुर्णीच्या अलीकडच्या वळणावर ती वळलीच नाही, सरळ कपाशीत घुसली. आत बसलेल्या पुष्पाबाईंचं मनगट मोडलं. जीप मीनाच्या वडिलांची, भुजंगरावांची. चालवत होते अर्शियाचे नाना, गुलाम नबी. तीस वर्षं गाडी चालवली, पण आजवर कोणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नव्हता.

गावाने मात्र निकाल कधीच लावला होता. म्हातारा पान थुंकायला खिडकीतून वाकला आणि गाडी गेली!

पुरावाही होता. शाळेच्या फाटकाशी जीप उभी राहायची तिथे रोज ताजे लाल डाग दिसत. मुख्याध्यापिका सुमेधाबाईंनी 'येथे थुंकू नये' अशी पाटी लावली होती. अक्षर मीनाचं. पाटी टांगताना नाना तिला म्हणाले होते, "बेटा, मी पान सोडून दोन वर्षं झाली." मीनाने मान डोलवली होती आणि 'नये'खाली आणखी एक रेघ ओढली होती. ते आठवून तिला आता सीताफळं नकोशी झाली.

"चल, जीप बघू," ती म्हणाली.

ट्रॅक्टरने ओढून आणलेली जीप शाळेच्या मैदानात उभी होती. मीनाचा चुलतभाऊ आदिनाथ न बोलावता मागून आलाच. तो पोटावर सरपटत गाडीखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "अगं, इथं ताजा लाल डाग आहे!"

"नाना तर चार दिवस घरातून बाहेर पडले न्हाईत," अर्शिया म्हणाली.

"मंग जीपच पान खाऊन राह्यली की काय? चुना कोण लावून देतं तिला?"

कोणी हसलं नाही. मीनाने वहीचं पान फाडलं आणि डागावर दाबलं. कागद उन्हात धरला, तर भज्यांच्या कागदासारखा आरपार उजेड दिसत होता. मग ती फाटकाकडे धावली. तिथल्या जुन्या डागावर दुसरं पान दाबलं. तेही तेलकट झालं.

"पानाच्या पिंकेने कागद तेलकट होत न्हाई," अर्शिया हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज रागाचा होता. "आणि सगळं गाव त्यांना थुंक्या म्हणून राह्यलं."

कागद घेऊन तिघं स्टँडजवळच्या राजानंद मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने एक कागद बोटांनी चोळला, वास घेतला.

"पावर स्टीअरिंगचं तेल आहे. या जीपमध्ये लालच असतं."

"म्हणजे काय करतं ते?"

मिस्त्रीने दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत आदिनाथला बसवलं. "इंजिन बंद आहे. फिरव स्टीअरिंग."

आदिनाथने दोन्ही हातांनी जोर लावला. कान लाल झाले, स्टीअरिंग जेमतेम वीतभर हललं.

"रोज तूप खाऊन एवढंच?" अर्शिया म्हणाली.

मिस्त्रीने इंजिन सुरू केलं. "आता फिरव." या वेळी एका बोटाने फिरलं.

"इंजिनावरच्या पट्ट्याने एक पंप फिरतो," मिस्त्री सांगू लागला. "तो तेलावर दाब आणतो. तू स्टीअरिंग जरा वळवलंस की झडप उघडते, तेल त्या बाजूला घुसतं आणि पुढची चाकं ढकलतं. तू नुसता हुकूम करायचा, हमाली तेल करतं."

"आणि तेल गळून गेलं तर?"

"मंग हुकूमही तुझा आणि हमालीही तुझी. पंप कुईं कुईं रडतो. त्या दिवशी पाइप पुरताच फुटला असणार. ऐन वळणावर स्टीअरिंग जड झालं, तर साठीतला माणूस काय करील?" मिस्त्रीने आवाज खाली आणला. "महिन्याआधी गुलाम नबी चाचा गाडी घेऊन आल्ते. पाइप बदला म्हणून मी सांगितलं. भुजंगराव म्हणाले, दिवाळीनंतर बघू."

"मंग उद्या बैठकीत हे सांगा ना," मीना म्हणाली.

मिस्त्री चिंधीला हात पुसत राहिला. "मला याच गावात धंदा करायचाय, पोरी. माझं नाव काढू नका."

संध्याकाळी जेवताना मीनाने विचारलं, "बाबा, चाचांनी गाडीबद्दल काही सांगितलं होतं?"

"काही न्हाई. जेव," भुजंगराव म्हणाले. ताटावरून नजर वर केली नाही. मीना अर्ध्या ताटावरून उठली.

सकाळी दहा वाजता शाळेच्या व्हरांड्यात वडीलधारी मंडळी जमली. पत्र लिहून तयार होतं. गुलाम नबी पायरीवर बसले होते. खुर्ची कोणी पुढे केली नव्हती.

"गाडीत खोट न्हाई," भुजंगराव म्हणाले. "स्टीअरिंग बिलकुल लोण्यासारखं. म्हाताऱ्याचं ध्यान नव्हतं."

मीना उठली. "बाबा, मंग एकदा फिरवून दाखवा. सगळ्यांसमोर."

"पोरांनी मोठ्यांत बोलू नये."

"लोण्यासारखं आहे ना, काका?" आदिनाथ भोळा चेहरा करून म्हणाला. "एका हाताने दाखवा. पुष्पाकाकूंनाही बघू द्या."

पुष्पाबाई प्लास्टरचा हात सावरत म्हणाल्या, "दाखवा की. त्यात काय एवढं?"

आता मागे फिरता येईना. भुजंगरावांनी जीप सुरू केली आणि ती कुईं कुईं रडू लागली. एका हाताने जमेना, म्हणून दुसरा लावला. चाळिशीचा, शेतात राबलेला माणूस; पण मानेच्या शिरा फुगल्या तरी चाकं जागची हलेनात. अर्शियाने दोन्ही तेलकट कागद सुमेधाबाईंपुढे ठेवले. "एक जीपखालचा, एक फाटकाजवळचा. हे पान न्हाई, बाई. गाडीचं तेल आहे."

सुमेधाबाईंनी पत्र फाडलं.

"शाब्बास!" त्या म्हणाल्या. "काय हुशार पोरं आहेत!" टाळ्या पडल्या. मंडळीतल्या सगुणाबाईंनी तिघांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. आणि भुजंगराव, घाम पुसत जीपमधून उतरलेले भुजंगराव, छाती काढून म्हणाले, "शेवटी पोरगी कोणाची आहे?"

लोक हसले. पाइपचं कोणी विचारलं नाही.

"चाचा, झालं गेलं सोडा," भुजंगराव म्हणाले. "शाळा उघडली की या गाडीवर."

गुलाम नबी गुडघ्यावर हात टेकून उठले. "महिनाभर सांगून राह्यलो, गाडी रडते म्हणून. पान सोडलं, हेही सांगितलं. माझ्या जबानीपेक्षा कागदाचा तुकडा खरा ठरला. ठीक आहे. तुम्ही दुसरा ड्रायव्हर बघा, मालक. फक्त तो काही बोलला, तर त्याचं ऐका."

त्यांनी मीनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते फाटकातून बाहेर पडले. अर्शिया मागोमाग गेली.

भुजंगराव कौतुकाने मीनाच्या खांद्यावर हात ठेवू लागले. ती त्या हाताखालून बाजूला झाली आणि रस्त्याला लागली. पुढे नाना आणि नात हळूहळू चालत होते. तिने त्यांना गाठलं. अर्शियाने तिच्याकडे पाहिलं नाही. पण थोडं सरकून तिला वाटेत जागा करून दिली.