बारावा ससा

"ड्रेसिंगची खोली हीच का, बाई?"

मुक्ता दचकली. दारात एक उंचापुरा तरुण उभा होता, उजव्या हाताला पट्टी. तिने घाईघाईने डोळे पुसले.

"शेजारची. ही प्रयोगशाळा आहे... हाताला काय झालं?"

"चहाच्या किटलीनं भाजलं." तो ओशाळून हसला. "श्रीपूरच्या साखर कारखान्यात बॉयलर सांभाळतो मी. कुणाला सांगू नका, अब्रू जाईल!"

मुक्ताला हसू फुटलं. मग का कोण जाणे, त्या परक्या माणसाला, त्रिंबकला, तिने सगळंच सांगून टाकलं. एम.एस.च्या प्रबंधासाठी ती एका सशाचं हृदय काढून दुसऱ्याच्या मानेत जोडत होती. अकरा ससे झाले. शिवण पक्की, तरी रक्तवाहिनीवरचा चिमटा काढून रक्त आत सोडलं की हृदय फडफडायचं, सुजायचं आणि थांबायचं. शनिवारी बारावाही गेला, तर तिचे मार्गदर्शक सर विषयच बंद करणार होते. दोन वर्षांची मेहनत पाण्यात!

"म्हंजे रक्त परत आलं की घात व्हतो?" त्रिंबक विचारात पडला. "चिमटा एकदम काढता?"

"मग? उपाशी हृदयाला ताटकळत ठेवू?"

"थंड पायपात आमी वाफ एकदम सोडत न्हाय, डॉक्टर. पाईप फुटतो. व्हॉल्व्ह केसभर उघडायचा... दम धरायचा... मग आनखी जरा."

शनिवारी मुक्ताने चिमटा केसभर ढिला केला. थांबली. आणखी केसभर. पंधरा मिनिटं तिचा जीव टांगणीला लागला होता. मग ते इवलंसं हृदय हललं — एकदा, दोनदा — आणि संथपणे चालूच राहिलं. तिला रडू आवरेना. ही बातमी सरांच्या आधी त्रिंबकला सांगावीशी वाटली, आणि ती स्वतःशीच लाजली.

तो दर सोमवारी एस.टी.ने येतच राहिला.

"हात केव्हाच बरा झालाय की तुमचा!"

"व्हय. पर ससा कसा हाय, ते कुणाला इचारू?"

"सशासाठीच येता ना?"

"सध्या... ससाच म्हना."

पुढच्या सहा सशांनीही साथ दिली. प्रबंध टाइप होऊन आला, तेव्हा त्रिंबक नेमका दारात होता. सर आभाराचं पान वाचत होते. पहिलंच नाव त्याचं.

"हे त्रिंबक कुठल्या कॉलेजचे?"

मुक्ताचे कान तापले. ज्याच्यामुळे सगळं हाती लागलं, त्याचे आभार एका ओळीत कसे मावणार?

"कॉलेजचे नाहीत, सर. ते माझे... होणारे यजमान."

सरांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. "काय हो, खरं का?"

त्रिंबकच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"व्हय, सर," तो कसाबसा म्हणाला, "मला बी आत्ताच कळलं."