जुन्या प्रतीतला दादा

इस्पितळाच्या तळघरात सर्व्हर आहे आणि तो सांभाळायला मी आहे. एरवी वर कुणाला माझी आठवण येत नाही. काही बिघडलं की मात्र सगळ्यांना माझा नंबर तोंडपाठ असतो.

त्या आठवड्यात रुग्णांच्या नोंदी गायब होऊ लागल्या. एखाददुसरी, तीही मधूनच. कुणी पुसली असती तर लॉगमध्ये त्याचं नाव दिसलं असतं. लॉग स्वच्छ होता. मी डिस्क तपासली, केबली बदलल्या, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. साहेब म्हणाले, "उंदीर असतील." मला हसू आलं नाही.

मग नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंना मी गुडघा दाखवायला येणाऱ्या आजींबद्दल विचारलं, कारण त्यांचीही नोंद गेली होती.

"कोण आजी?" बाई म्हणाल्या. आदल्याच दिवशी बाई त्या आजींशी तासभर भांडल्या होत्या.

मी बॅकअपमधून आजींची नोंद उचलून परत जागेवर ठेवली. थोड्या वेळाने बाईंचा फोन आला. "अगं, त्या गुडघ्याच्या आजी आल्यात, परत माझं डोकं खाताहेत."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. योगायोग म्हणून मी विषय सोडून दिला. त्या दिवशी जेवण मात्र गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाची नोंद गेली.

दादा माझा सख्खा भाऊ. न्यूमोनियाने तिसऱ्या मजल्यावर पडून होता. मी धावत वर गेले. पलंगावर कोरी चादर होती. नर्स म्हणाली, "हा पलंग रिकामाच आहे की." मी वहिनीला फोन लावला. पलीकडे चिमी किरकिरत होती. चिमी म्हणजे त्यांची लेक, याच इस्पितळात जन्मलेली. तिला नुकतेच दात येत होते.

"वहिनी, दादा कुठंय?"

"कोण दादा? कोण बोलतंय?"

मी तळघरात परतले आणि बॅकअपच्या प्रती एकामागून एक उघडल्या. आजींसारखं या वेळी झालं नाही; दादा ताज्या एकाही प्रतीत उरला नव्हता. सापडला तो दोन वर्षांपूर्वीच्या प्रतीत, हात मोडून आला होता तेव्हाचा.

जुनी प्रत वेगळ्या जागी उघडायची आणि हवी ती एकच नोंद उचलायची, ही आमची रीत. नवशिक्यांना मीच ती ओरडून शिकवते. पण डिस्क भरली होती. दादा नसलेल्या प्रतींचं मला काय करायचं होतं? त्या मी पुसून टाकल्या. तरी जागा पुरेना, तेव्हा चालू नोंदी पुसून त्यांच्या जागी ती जुनी प्रत अख्खीच्या अख्खी उतरवली.

पडद्यावर दादाचं नाव आलं. मी तोंडावर हात दाबून रडले.

जिना चढताना नवजात बाळांचा कक्ष लागतो. तिथे एकही बाळ रडत नव्हतं. मी थांबले नाही.

दादा पलंगावर उठून बसला होता. ताप नाही, खोकला नाही. हात प्लास्टरमध्ये होता.

"काय गं, भूत पाहिल्यासारखी काय बघतेस?"

तोच आवाज, तेच चिडवणं. मी त्याला घट्ट मिठी मारली. माझा भाऊ मला परत मिळाला होता.

वहिनी शेजारी खुर्चीत बसली होती. एकटीच.

"चिमी कुठंय?" मी विचारलं.

"कोण चिमी?"

दादा हसला. "तळघरात बसून बसून हिला भास व्हायला लागलेत."

मी पुसलेल्या त्या सगळ्या प्रतींत चिमी होती.

मी पलंगाच्या कडेला बसले.

"अगं, तुला एक विचारू?" वहिनी हळूच म्हणाली, दादाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. "मघापासून असं होतंय. पुसलं तरी थांबतच नाही."

तिच्या शर्टावर, छातीशी, दुधाचे दोन ओले डाग पसरत होते.