एकेचाळीस नंबरचा हात

मावशीचं काम हाडं धुण्याचं. जुन्या दफनभूमीतून निघालेली हाडं मऊ ब्रशनं घासायची, प्रत्येकावर शाईनं त्या माणसाचा नंबर टाकायचा, आणि माणूस झोपल्यासारखी ट्रेमध्ये मांडायची. भीती वाटायचीच तर जिवंतांची वाटावी, असं तिचं ठाम मत.

त्या दुपारी एकेचाळीस नंबरची बाई मांडून झाली. हाडं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई भिंग घेऊन वाकल्या.

"मावशी, बरगडी आतून बघा, कशी खरखरीत आहे. छातीचा जुना आजार, खोकल्यातून पसरणारा. इथं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतोय."

"आँ? बायका तर घरात बसायच्या!"

"घरात, पण कुणाच्या उशाशी?"

मावशीचा ब्रश थांबला. घरी मुलगा महिनाभर खोकत होता. खिडक्या बंद, आणि सून रात्रंदिवस त्याच्या उशाशी. बसवली कुणी? मावशीनंच. 'इथून हललीस तर याद राख!' आठ दिवसांपासून सूनही खोकत होती. त्याला मावशीनं नखरे म्हटलं होतं.

तेवढ्यात खोलीत कुणीतरी खोकलं. दबून, तोंडावर हात धरून.

"बाई, तुम्ही...?"

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. मावशीनं ट्रेकडे पाहिलं. पुसून कोरडी केलेली हाडं ओलीचिंब होती. सरळ मांडलेला उजवा हात कोपरात वळला होता, कुणाच्या तोंडाशी वाटी धरावी तसा. आणि एका बोटाचं टोकाचं हाड गायब!

मावशी अंगावरच्या ॲप्रनसकट घराकडे पळत सुटली.

बाहेरच्या खोलीत, उघड्या खिडकीखाली सून गाढ झोपली होती.

"ऊठ गं! दवाखान्यात चल. आजपासून त्याच्याजवळ मी बसणार."

सून डोळे चोळत म्हणाली, "त्या बाईपण हेच म्हणाल्या, आई."

"कुठल्या बाई?"

"तुम्हीच पाठवलेल्या ना? हात अगदी ओले होते त्यांचे. म्हणाल्या, तू ऊठ, मला सवय आहे... उद्यापासून तुझी सासू बसेल."

आतल्या खोलीत मुलगा खोकला. त्याच्यापाठोपाठ आणखी कुणीतरी... दबून.

मावशीनं दार ढकललं. उशाशी रिकामं स्टूल, त्याच्यावर ओल. शेजारच्या पाण्याच्या वाटीत तळाला बोटाचं हाड. सकाळी त्याच्यावर तिनं स्वतः एकेचाळीस लिहिलं होतं.

अक्षर अजूनही तिचंच होतं. पण नंबर होता बेचाळीस. तो तिनं अजून कुणालाच दिला नव्हता.