अकराव्या कोटाचं बटण

"तात्या, हा कोट कोणाचा?"

माझ्या मैत्रिणी मालन आणि लतिकानं पैज लावली होती की वडलांना हे विचारायची माझी छातीच होणार नाही. विचारलं!

भोईवाड्यातल्या आमच्या शिलाईच्या दुकानात, मशिनीमागच्या खुंटीवर तो खाकी कोट मी कळतं तेव्हापासून बघतेय. दंडावर नारिंगी सिंह. गळ्याचं बटण नाही.

तात्यांनी कात्री खाली ठेवली. "लढाईत कॉटन ग्रीनच्या गोदामात अकरा डच शिपाई राहायचे. त्यांचा मुलूख जर्मनांनी घेतला, मग त्यांच्या ताब्यातलं जावा बेट जपान्यांनी. परतायला घरच नाही. अकरा कोट शिवायला टाकले, दहा नेले. अकरावा, सगळ्यात उंच, 'उद्या नेतो' म्हणाला. त्या रात्रीच बोट सुटली. बुडाली."

"आणि बटण?"

"शेवटचं बटण गिऱ्हाईक समोर उभं असताना लावायचं. माझ्या बापाची रीत. अर्धा कपडा न्यायला मेलेलं गिऱ्हाईक येत नाही, बकुळा."

पण यंदा शिवणात माझा पहिला नंबर! तात्या जेवायला गेले आणि दोघींच्या देखत मी बटण लावून टाकलं. चार टाके, वर गाठ.

"बाई गं, शिंपीणच की!" लतिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. रस्ता ओस, गिरण्यांचे भोंगे गप्प. दुकानाच्या फळ्या लावून तात्या आणि मी आत काजं करत बसलो. भर दुपारी टप् टप् ऐकू आलं. कोटाच्या बाहीतून पाणी गळत होतं. मी बोट लावून चाखलं.

खारट.

मग कोटाची बटणं खालून एकेक लागत गेली. माझं सगळ्यात शेवटी. खांदे भरून आले.

"साहेब... ट्रायल?" तात्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

डावी बाही वर झाली. माप द्यायला करतात तशी.

उजवीनं तात्यांचं मनगट धरलं.

मापाची टेप त्यांच्या हातून पडली. मी उचलली. माप घेतलं.

आई मागच्या दारानं चहा घेऊन आली आणि तिथंच थिजली. "भायर ये गो, बकुळा! तात्यांका घेऊन भायर ये!"

"सोडत नाहीये तो, आई." मी टेप बाहीला लावूनच धरली. "बटण मी लावलंय, कोट मीच पुरा करणार. आत्ताच. बाही हाताला दोन इंच आखूड आहे. तात्या, मी घेतलेलं माप चुकलेलं नाही. आत खरंच हात आहे."